विश्लेषण : कापलेले यकृत पुन्हा कसे वाढते? त्यात कोलेस्टेरॉलचे काम काय?

आई मुलाला, पत्नी पतीला किंवा मुलगा वडिलांना आपल्या यकृताचा मोठा हिस्सा देतो आणि दोन-तीन महिन्यांत दोघांच्याही शरीरातील यकृत बरेचसे मूळ आकाराच्या जवळ पोहोचते. माणसाच्या शरीरातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला हे जमत नाही. रक्तात कोलेस्टेरॉल किती राहावे, याचा बराचसा हिशेबही हेच यकृत ठेवते. ही दोन कामे वेगवेगळी वाटली, तरी गेल्या काही दशकांतील संशोधनाने त्यांची गाठ यकृतपेशीतील जनुकांच्या पातळीवर बांधलेली असल्याचे दाखवले आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारे, ‘फॅटी लिव्हर’चा अहवाल हाती आलेले आणि नातेवाईकासाठी यकृत देण्याचा विचार करणारे, या सगळ्यांशीच या संशोधनाचा संबंध आहे.

यकृत ‘पुन्हा उगवते’ म्हणजे नेमके काय होते?

पालीची तुटलेली शेपटी जशी पुन्हा फुटते, तसे यकृताचे होत नाही. कापून काढलेला खंड परत येत नाही. उरलेले खंड फुगून, म्हणजे त्यांतील पेशींची संख्या वाढून, एकूण वजनाची भरपाई होते. त्यामुळे यकृताचा आकार बदलतो, पण काम करण्याची क्षमता परत येते. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. यकृत हे प्रमाण जपते.

या अभ्यासाचा पाया १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी घातला. त्यांनी मोठ्या उंदरांच्या यकृताचे दोन-तृतीयांश खंड काढण्याची सोपी पद्धत मांडली. यकृताला इतर कोणतीही इजा न होता फक्त त्याचा भाग कमी होतो, म्हणून हा प्रयोग आजही जगभर याच पद्धतीने होतो. उंदरात सात ते दहा दिवसांत यकृताचे वजन जवळपास पूर्ववत होते. माणसात सर्वात वेगवान वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते आणि पुढची भरपाई काही महिने सावकाश चालू राहते.

यकृतपेशी एरवी क्वचितच विभागतात, पण वेळ आली की त्यांची ताकद थक्क करणारी असते. १९९७ मधील एका प्रयोगात उंदरांच्या यकृतपेशी एका प्राण्यातून दुसऱ्यात अशा क्रमाने पुढे पुढे रोपल्या गेल्या. त्या पेशी किमान ६९ वेळा दुप्पट झाल्याचा हिशेब निघाला. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ मधील अभ्यासात कार्बनच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून मानवी यकृतपेशींचे वय काढण्यात आले. माणूस विशीतला असो वा ऐंशीतला, त्याच्या यकृताचे सरासरी वय तीन वर्षांहूनही कमी भरले.

जनुकांची ‘अभिव्यक्ती’ म्हणजे काय?

मेंदूतील पेशी असो, त्वचेतील असो की यकृतातील, प्रत्येकीत डीएनएचा ग्रंथ तोच असतो. त्यात प्रथिने तयार करण्याच्या सुमारे २० हजार कृती आहेत. कोणती पेशी कोणते पान उघडते, यावर तिचे काम ठरते. पान उघडले की त्या कृतीची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. जनुक ‘चालू’ होणे किंवा जनुकाची अभिव्यक्ती होणे याचा अर्थ एवढाच. पूर्वी संशोधक एकेका जनुकाची नक्कल मोजत. आता एकाच वेळी हजारो जनुकांच्या नकला मोजता येतात आणि एकेका पेशीत काय चालले आहे तेही पाहता येते. यकृताचा भाग काढल्यानंतर ठरावीक तासांनी नमुने घेत गेले, की कोणते जनुक केव्हा जागे झाले आणि कोणते झोपी गेले याची एक वेळसूचीच तयार होते.

या वेळसूचीतून दिसते ते असे. यकृताला दुकान बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही. रक्तातील साखर सांभाळणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, अमोनियासारखे विष निकामी करणे ही कामे एक दिवसही थांबली तर जीव जातो. त्यामुळे उरलेल्या एक-तृतीयांश पेशींना रोजचे काम करता करताच आपली संख्या वाढवावी लागते. कोणते काम चालू ठेवायचे, कोणते मंद करायचे आणि कोणते नव्याने हाती घ्यायचे, हा निर्णय जनुकांच्या पातळीवर होतो.

पहिल्या काही तासांत काय घडते?

यकृताला मिळणारे सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून एका मोठ्या शिरेतून येते. यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला, तरी या शिरेतून येणारे रक्त तेवढेच राहते. म्हणजे उरलेल्या प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पूर्वीच्या तिप्पट प्रवाह येतो. हा ताण पेशींना लगेच जाणवतो. काही मिनिटांतच पेशींभोवतीच्या जाळीत साठवलेले वाढीचे घटक मोकळे करणारी विकरे कामाला लागतात. यकृतातच ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशी, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे संदेशवाहक सोडतात.

त्यापाठोपाठ पहिल्या तासाभरात फॉस, जून आणि मिक ही जनुके जागी होतात. त्यांची प्रथिने स्वतः बांधकाम करत नाहीत. ती पुढच्या शेकडो जनुकांची पाने उघडतात. अमेरिकेत रिबेका टॉब यांच्या गटाने १९९१ मध्ये वाढत्या यकृतातील अशा ‘तातडीच्या’ जनुकांची मोठी यादी प्रसिद्ध केली. त्यात ४१ जनुके तोवर अज्ञात होती. टॉब यांचे नाव या कहाणीत पुढे पुन्हा येते.

तातडीच्या जनुकांनंतर सायक्लिन डी१ या प्रथिनाची पातळी वाढते. पेशीने हा टप्पा ओलांडला की विभाजनातून माघार जवळपास नसते. मोठ्या उंदरांत साधारण २४ तासांनी, तर लहान उंदरांत ३६ ते ४८ तासांच्या आसपास डीएनएची प्रत काढण्याचे काम शिगेला पोहोचते. यकृतपेशी आधी विभागतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील आणि इतर पेशी त्यांच्यामागून येतात.

वाढीचा आदेश येतो कुठून?

हा प्रश्न संशोधकांना अनेक वर्षे छळत होता. १९६७ मध्ये मूल्टन आणि बुखर यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडले. एकाचे यकृत कापले तेव्हा दुसऱ्याच्या धडधाकट यकृतातही पेशीविभाजन सुरू झाले. आदेश रक्तातून फिरतो हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९८०च्या दशकात यकृतपेशींना वाढवणारा एचजीएफ हा घटक सापडला. मात्र सूत्रे एकाच घटकाच्या हाती नाहीत. एचजीएफचा ग्राही किंवा त्याच्या जोडीने काम करणारा ईजीएफचा ग्राही यांपैकी एक बंद केला, तर यकृताची वाढ लांबते, पण होते. दोन्ही एकाच वेळी बंद केल्यावर उंदरांत ती पूर्णपणे थांबते, असे पिट्सबर्ग विद्यापीठातील गटाने २०१६ मध्ये दाखवले. जगण्यासाठी इतक्या आवश्यक कामाला निसर्गाने दोन चाव्या ठेवल्या आहेत.

या सगळ्यात कोलेस्टेरॉल कुठून आले?

कोलेस्टेरॉल म्हटले की रक्तवाहिन्या तुंबवणारा शत्रू डोळ्यांसमोर येतो. पण प्रत्येक पेशीभोवतीचे पटल कोलेस्टेरॉलशिवाय उभे राहत नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर पटलही दुप्पट लागणार. कोट्यवधी यकृतपेशी दोन दिवसांत विभागणार असतील, तर कोलेस्टेरॉलची मागणी एकदम वाढते.

ही मागणी भागवण्याचे तीन मार्ग यकृतपेशीकडे असतात. पहिला, स्वतः कोलेस्टेरॉल तयार करणे. त्यातील कळीचे विकर म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. दुसरा, पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचे ग्राही वाढवून रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढणे. तिसरा, आहे त्या कोलेस्टेरॉलचा खर्च कमी करणे. यकृत एरवी कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर जाण्याचा तो मोठा रस्ता आहे.

पहिल्या दोन मार्गांचा कारभार एसआरईबीपी-२ या प्रथिनाकडे असतो. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असेल तर हे प्रथिन एका पटलात अडकून राहते. टंचाई झाली की ते सुटून पेशीकेंद्रात जाते आणि कोलेस्टेरॉल बनवणारी व ओढून घेणारी जनुके चालू करते. एलडीएल ग्राहीचा शोध लावणारे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. एसआरईबीपीची ही व्यवस्थाही त्यांच्याच प्रयोगशाळेने पुढे उलगडली. यकृत कापलेल्या उंदरांत पहिल्या पेशीचक्रातच एचएमजी-कोए रिडक्टेजची क्रिया वाढल्याचे १९८०च्या दशकापासून माहीत आहे.

तिसरा मार्ग सर्वात बोलका आहे. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लात रूपांतर करणारे पहिले विकर सीवायपी७ए१ या जनुकापासून बनते. यकृताचा भाग काढल्यानंतर हे जनुक झपाट्याने दबले जाते. त्यामागे दोन कारणे असावीत असे दिसते. एक म्हणजे कोलेस्टेरॉलची बचत. दुसरे त्याहून निकडीचे आहे. आतड्यातून परत येणारी पित्ताम्ले तेवढीच असतात, पण ती हाताळणारे यकृत मात्र एक-तृतीयांशच उरलेले असते. पित्ताम्ले साबणासारखी काम करतात. ती साचली तर पेशींची पटलेच विरघळवू लागतात. म्हणून नवे उत्पादन थांबवणे हा बचावाचा पहिला उपाय ठरतो.

पित्त हे वाढीचेही निशाण आहे का?

होय, आणि ही बाब तुलनेने अलीकडे कळली. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात पित्ताम्ले ओळखणारा एफएक्सआर हा ग्राही नसलेल्या उंदरांमध्ये यकृताची वाढ मंदावलेली आढळली. उलट निरोगी उंदरांना आहारातून थोडे पित्ताम्ल दिले, तर काही न कापताही यकृत वाढले. म्हणजे पित्ताम्लाची पातळी हा यकृतासाठी एक मोजमापाचा काटा आहे. वाट्याला येणारे पित्ताम्ल जास्त झाले, तर ‘आपण कमी पडतो आहोत’ असा त्याचा अर्थ आणि वाढ सुरू. यकृत पुरेसे मोठे झाले की पातळी उतरते आणि आदेशही क्षीण होतो. कोलेस्टेरॉलपासून बनलेला पदार्थच यकृताला त्याच्या आकाराची जाणीव करून देतो.

रक्तात कोलेस्टेरॉल फार कमी असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर पीसीएसके९ या जनुकाने दिले. २००३ मध्ये ओळख पटलेल्या या जनुकाचे प्रथिन एलडीएलचे ग्राही नष्ट करते. हे प्रथिन नसले, तर ग्राही टिकून राहतात, रक्तातील एलडीएल भराभर आत ओढले जाते आणि रक्तातील पातळी खाली येते. काही माणसांत हे जनुक जन्मतःच निकामी असते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी आढळला. २००६ मध्ये हे निष्कर्ष आले आणि पीसीएसके९ रोखणाऱ्या औषधांची शर्यत सुरू झाली.

मात्र २००८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी याच जनुकाची दुसरी बाजू दाखवली. पीसीएसके९ नसलेल्या उंदरांचे यकृत कापल्यावर उरलेल्या भागात पेशी मरून पडलेले ठिपके दिसू लागले. त्याच उंदरांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यावर हे नुकसान टळले. एरवी ज्या कमी कोलेस्टेरॉलमुळे हृदय सुरक्षित राहते, तेच अचानक मोठ्या बांधकामाची वेळ आली की अपुरे पडू शकते, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो.

मग कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांनी काळजी करावी का?

रोजच्या आयुष्यात नाही. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या पदार्थापासून सुरू झालेली स्टॅटिन औषधे एचएमजी-कोए रिडक्टेजला रोखतात. यकृतपेशीला टंचाई जाणवते, एसआरईबीपी-२ जागे होते, ग्राही वाढतात आणि रक्तातील एलडीएल उतरते. म्हणजे स्टॅटिन यकृताची स्वतःचीच टंचाई-यंत्रणा वापरून घेते. पेशीला कोलेस्टेरॉल मिळत नाही असे नसून, ते घरी बनवण्याऐवजी रक्तातून आणायला तिला भाग पाडले जाते. एसआरईबीपी-२ त्याच वेळी पीसीएसके९ही वाढवते, म्हणून स्टॅटिनचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही. दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्यास अधिक फायदा होतो, त्याचे एक कारण हेच.

स्टॅटिनमुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टळतो, याचे पुरावे लाखो रुग्णांवरील चाचण्यांतून आलेले आहेत. औषधामुळे यकृताला गंभीर इजा होण्याची उदाहरणे दुर्मीळ आहेत. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन बंद करण्याचेही कारण नाही. अशा रुग्णांना सर्वाधिक धोका अनेकदा हृदयविकाराचाच असतो. जनुक पूर्णपणे काढून टाकलेला आणि दोन-तृतीयांश यकृत कापलेला उंदीर आणि रोज एक गोळी घेणारा माणूस यांची सरळ तुलना होऊ शकत नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या प्रसंगी. यकृताची मोठी शस्त्रक्रिया किंवा यकृतदान ठरले असेल, अथवा यकृत काठिण्य म्हणजे सिरॉसिस पुढच्या टप्प्यात गेले असेल, तर कोणते औषध चालू ठेवायचे हे यकृततज्ज्ञाला विचारूनच ठरवायला हवे. समाजमाध्यमांवरील चित्रफीत पाहून गोळी सोडणे हा मात्र थेट हृदयाशी केलेला जुगार आहे.

चरबी यकृताची मित्र की शत्रू?

दोन्ही, पण काळावर अवलंबून. यकृत कापल्यावर पहिल्या दिवसात उरलेल्या पेशींत चरबीचे थेंब साठताना दिसतात. साखरेचा साठा संपत आलेला असतो, तेव्हा शरीरातील मेदसाठ्यातून चरबी यकृताकडे येते आणि इंधन तसेच पटलाचा कच्चा माल म्हणून वापरली जाते. विभाजनाचा भर ओसरला की हे थेंब नाहीसे होतात. ही चरबी साठू दिली नाही, तर वाढ मंदावते असे काही उंदरांवरील प्रयोगांत दिसले. इतर प्रयोगांत मात्र कमी चरबीतही वाढ नीट झाली. त्यामुळे ती किती अत्यावश्यक आहे, यावर संशोधकांत एकमत नाही.

वर्षानुवर्षे साचून राहिलेल्या चरबीबद्दल मात्र दुमत नाही. अशा यकृतात सूज राहते, पेशींवर सतत ताण असतो आणि संकटाच्या वेळी विभाजनाचा आदेश नीट पाळला जात नाही. म्हणूनच यकृतदात्याच्या तपासणीत चरबीचे प्रमाण आवर्जून पाहिले जाते. ते अधिक असेल तर दात्याला नाकारले जाते किंवा आधी वजन उतरवायला सांगितले जाते. ‘यकृत काय, पुन्हा वाढतेच’ हा दिलासा खरा ठरण्यासाठी मुळात उरलेले यकृत निरोगी असावे लागते.

वाढ थांबते कशी?

सुरू होणे जितके विलक्षण, तितकेच थांबणेही. १९९२ मध्ये पिट्सबर्गमध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या चमूने एका रुग्णाला बबून माकडाचे यकृत बसवले. काही आठवड्यांतच ते मानवी यकृताच्या आकाराकडे वाढले. रुग्ण पुढे वाचला नाही, परंतु यकृत आपल्या नव्या शरीराचे माप ओळखते हे त्यातून दिसले. थांबण्याच्या आदेशात टीजीएफ-बीटा हा घटक, पेशींभोवतीची जाळी, अवयवांचा आकार ठरवणारी ‘हिप्पो’ ही संदेशसाखळी आणि पित्ताम्लाची उतरलेली पातळी यांचा वाटा असतो.

हा लगाम महत्त्वाचा आहे, कारण वाढीच्या वेळी जागी होणारी मिकसारखी जनुके यकृताच्या कर्करोगातही जागी असतात. फरक इतकाच, की एका ठिकाणी ती काम आटोपून झोपी जातात आणि दुसऱ्या ठिकाणी जागीच राहतात. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू किंवा साचलेली चरबी यांमुळे यकृतात पेशी मरणे आणि नव्या बनणे हे चक्र वर्षानुवर्षे चालते. त्यात व्रणाच्या गाठी साठून सिरॉसिस होतो आणि त्यातूनच पुढे अनेकदा कर्करोग डोके वर काढतो. यकृताची वाढ वेगाने करणारे एखादे इंजेक्शन अजून बाजारात आलेले नाही, त्यामागेही ही भीती आहे.

या संशोधनाचा रुग्णांना काही उपयोग झाला का?

इथे रिबेका टॉब यांचे नाव पुन्हा येते. वाढत्या यकृतातील जनुकांची यादी करणाऱ्या टॉब पुढे औषधनिर्मितीकडे वळल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या रेसमेटिरॉम या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये वेगवर्धित मंजुरी दिली. चरबीमुळे सूज आणि मध्यम ते प्रगत व्रण झालेल्या, पण सिरॉसिस न झालेल्या यकृतासाठी अमेरिकेत मंजूर झालेले हे पहिलेच औषध. ते यकृतातील थायरॉइड संप्रेरकाच्या एका ग्राहीमार्फत जनुके चालू करते. त्यामुळे यकृतातील चरबी आणि रक्तातील एलडीएल दोन्ही कमी होतात. यकृताचे आरोग्य आणि कोलेस्टेरॉल ही एकाच कारभाराची दोन खाती असल्याचा याहून ठळक दाखला शोधावा लागणार नाही.

जनुकांच्या अभिव्यक्तीवर थेट काम करणारी औषधेही आली आहेत. इन्क्लिसिरान हे इंजेक्शन यकृतपेशीत पीसीएसके९ची आरएनए नक्कलच नष्ट करते. सुरुवातीच्या मात्रांनंतर ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. जनुक तसेच राहते, फक्त त्याचा आवाज बंद होतो.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

भारतात प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचे प्रमाण सुमारे ३८ टक्के असल्याचा अंदाज देशभरातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडण्यात आला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्येच हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट केला. कागदावरचे हे पाऊल योग्य होते. पण गावपातळीवरील आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोजताना पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या चाचण्या किती जणांच्या होतात, हा खरा प्रश्न आहे. यकृत तक्रार करत नाही. ते तक्रार करते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वजन सात ते दहा टक्क्यांनी घटवल्यास यकृतातील चरबी आणि सूज दोन्ही उतरतात. यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा मुद्दा ‘लिव्हर टॉनिक’ आणि ‘डिटॉक्स’चा. यकृताला वाढीचा आदेश देणारी व्यवस्था किती गुंतागुंतीची आहे हे पाहिल्यावर, एखाद्या काढ्याने यकृत ‘धुऊन निघते’ या दाव्यातील फोलपणा लक्षात येतो. काही वेळा तर उपाय उलटतो. करोनाकाळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला, तरी यकृताच्या नावाने विकली जाणारी प्रत्येक गोष्ट औषधाइतक्याच कसोशीने तपासली जावी, ही अपेक्षा रास्त आहे. वनस्पतीजन्य आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

तिसरा मुद्दा दात्यांचा. जगातील पहिले यशस्वी जिवंत यकृतदान १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाले. जपानी मातेने आपल्या मुलाला यकृताचा भाग दिला होता. भारतात मेंदूमृत व्यक्तींकडून होणारे अवयवदान अपुरे असल्याने बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर अवलंबून आहेत आणि या दात्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. प्रौढ रुग्णासाठी बहुतेक वेळा यकृताचा उजवा, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग घेतला जातो. अनुभवी केंद्रांतही दात्याच्या मृत्यूचा धोका साधारण हजारी एक ते पाच असा सांगितला जातो. हा धोका लहान आहे, पण तो पूर्ण निरोगी व्यक्तीने दुसऱ्यासाठी पत्करलेला असतो.

‘काही होत नाही, यकृत पुन्हा येते’ असे दात्याला सांगणे म्हणूनच अर्धसत्य आहे. यकृत वाढते, पण त्यासाठी शरीर काही दिवस कडेलोटाच्या धारेवर चालते. काही तासांत शेकडो जनुके कामाला लागतात, चरबीचा साठा उपसला जातो, कोलेस्टेरॉलचा खर्च थांबवला जातो आणि उरलेल्या पेशी संसाराचा भार वाहतच नवा संसार उभा करतात. दात्याची संमती घेताना हे सारे त्याच्या भाषेत, घाई न करता आणि नातेवाईकांच्या दबावापासून दूर समजावून सांगितले जायला हवे. शस्त्रक्रियेनंतर दात्याच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा होणे ही रुग्णालयाची मेहेरबानी नव्हे, तो दात्याचा हक्क आहे. आणि मृत्यूपश्चात अवयवदान वाढले, तर एका जिवासाठी दुसरा जीव टांगणीला लावण्याची वेळच कमी येईल. यकृताला पुन्हा वाढण्याची देणगी निसर्गाने दिली आहे. तिच्या भरवशावर यकृताची हेळसांड करायची, की ती संकटकाळासाठी राखून ठेवायची, हे माणसानेच ठरवायचे आहे.